रायसिंगची चाकं, चुनीलालची गाडी

मी एक बैलगाडी बोलतेय. कुणाची, असं विचाराल तर कोर्टाच्या निकालाप्रमाणे अक्कलकुव्याच्या चुनीलाल शेठची. माझ्या मनाला विचाराल तर उत्तर वेगळं आहे. पण गाडीच्या मनाला विचारतो कोण?

अक्कलकुव्याच्या बशीर मिस्त्रीनं मला घडवलं. चुनीलालचा गाडीवान वाहिद मला धडगावच्या घाटात न्यायचा. वर जाताना मीठ-कापड, खाली येताना मोहाची फुलं. एका पावसाळ्यात ओहोळाच्या दगडांत माझं एक चाक मोडलं. वाहिदनं बैल सोडले आणि शेठला निरोप दिला. शेठ म्हणाला, "पडू दे तठेच." दोन पावसाळे मी चिखलात पडून होते. दुसरं चाकही कुजलं. ज्याच्यासाठी घाट चढले-उतरले, तो एकदा बघायलाही आला नाही. गरज सरो, वैद्य मरो!

ओहोळाच्या वर रायसिंगचं शेत होतं. तो नि त्याची बायको फुलवंताबाई दर वर्षी पोरं घेऊन गुजरातेत मजुरीला जात. गेल्या खेपेला त्यांचं धाकटं पोर तिकडेच तापानं गेलं होतं. घरची गाडी असली तर बांबू वाहून पोट भरेल, पुन्हा गाव सोडायला नको, एवढीच दोघांची आस होती.

रायसिंग सरळ माणूस. तो आधी चुनीलालच्या दुकानात गेला.

"शेठ, तुन्ही गाडी सडी ऱ्हायनी. मी नवा चाकं टाकस. तुन्हं काम करसू, मन्हंबी करसू."

चुनीलालनं मान हलवली. "टाक चाकं. मंग बोलसूत."

रायसिंगनं तो शब्द मानला. त्यांच्या पाड्यावर लाहा करायची रीत आहे. एकाच्या कामाला सगळी घरं येतात, घरधनी पोटभर जेवू घालतो आणि दुसऱ्याचं काम निघालं की हा तिकडे जातो. मजुरीचं नाव कुणी काढत नाही. लाह्याला आलेल्या माणसांनी मला ओहोळातून ओढून काढलं. घराच्या खांबासाठी राखलेलं, टणक लाकडाचं तिवसाचं झाड रायसिंगनं तोडलं. बशीरला बोलावून दोन शेळ्या दिल्या आणि दोन चाकं घडवून घेतली, त्यांवर माझ्या जुन्याच धावा, म्हणजे लोखंडी पट्ट्या, चढवल्या. चुनीलाल घोड्यावरून जाता-येता हे सगळं पाहत होता. एकदा तर थांबून पाणी प्यायला. पण चाकांबद्दल मूग गिळून बसला.

चाकं बसली, तेव्हा फुलवंताबाईनं मला हळद लावली. मी इतकी सुखावले की काय सांगू! पोळ्याला बैलाला वाटत असेल तसं मला वाटलं.

आठवडाही झाला नाही, तोच चुनीलालनं वाहिदला बैल घेऊन पाठवलं. "मन्ही गाडी शे, लई ये." आयत्या बिळावर नागोबा! वाहिद खाली मान घालून मला जुंपत होता. रायसिंग दुकानात गेला, तर शेठ म्हणाला, "मी कवय सांगं तुले चाकं टाक?"

बशीर चिडला आणि रायसिंगला नंदुरबारच्या कोर्टात घेऊन गेला. पंचनाम्यासाठी मलाही तिथे अंगणात उभं केलं होतं. खिडकीतून सगळं ऐकू येई. न्यायाधीश भला माणूस दिसला. तो म्हणाला, दुसऱ्याच्या कष्टाचा फायदा घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो किंवा ती वस्तू परत करावी लागते. मात्र ते काम फुकट करायच्या हेतूनं केलेलं नसावं. मला वाटलं, सुटलो आम्ही!

मग शेठचा वकील उठला. "गाडी ओढून काढणाऱ्यांना काय मजुरी दिलीस?"

"मजुरी? तो लाहा व्हता, साहेब."

"आणि शेठकडून तू पैसे घेणार होतास?"

रायसिंगला ते विचारणंच अपमानाचं वाटलं. ताठ मानेनं तो बोलला, "नही. आम्हू कामना दाम लेतस नही."

न्यायाधीशानं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. दावा गेला.

बाहेर आल्यावर बशीरनं कपाळावर हात मारला. "आरे, आसं कसं बोलना तू? लाहा म्हंजे फुकट नही, कामवर काम उसनं ऱ्हास, ते सांगानं व्हतं ना!"

"माले इचारं, मी खरं सांगं," रायसिंग म्हणाला. त्याचा हात माझ्या चाकावर होता. मला रडता येत असतं तर तेव्हा रडले असते.

त्या हिवाळ्यात मजूर गुजरातेत न्यायचा ठेका चुनीलालनं घेतला. माणसांना नेलं माझ्यातून, भाडं मजुरीतून कापणार. रायसिंग पोरं घेऊन चढून बसला. फुलवंताबाई चढेना.

"बठ ना, भाबी," वाहिद म्हणाला.

"मन्हा घरनं लाकूड, अन् मीच भाडं दिसू? मी पायी चालसू."

सीमेपर्यंत ती माझ्या चाकाशेजारून चालली. खरं सांगते, वाहणं हाच माझा धर्म, पण त्या दिवशी मला माझ्या वाहण्याची किळस आली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रस्त्यावर मोटारी आल्या आणि मी शेठच्या गोदामामागे उभी आहे. काल एक गिऱ्हाईक आलं होतं. चुनीलाल माझ्या चाकावर थाप मारून म्हणाला, "तिवसनं लाकूड शे! मी मुद्दाम घडी लिधं." मी जीव तोडून करकरले. त्यावर त्यानं वाहिदला वंगण घालायला सांगितलं.

तुमच्यापैकी कुणी घाटाकडे जाणार असेल, तर रायसिंगला माझा निरोप द्या. म्हणावं, चाकं अजून धड आहेत, येऊन काढून ने. मी मातीत बसेन, मला चालेल. चाकांवरच्या लोखंडी धावा मात्र शेठच्या जुन्याच आहेत. त्या उतरवून त्याच्या उंबऱ्यावर ठेव. आपल्याला कुणाचं फुकट नको.