उन्हाकडची रिंग

पांढुर्ण्याच्या उर्वशीला त्या दिवशी दोन गोष्टी जिंकायच्या होत्या, आणि तिच्या मते त्या दोन नव्हत्याच, एकच होती. एक म्हणजे जिल्ह्याचं बास्केटबॉलचं अजिंक्यपद. दुसरी म्हणजे भोपाळच्या क्रीडा वसतिगृहातली जागा. निवड करायला आलेल्या बाई डोक्यावर पांढरी टोपी घालून सौंसरच्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. या सामन्यातून एकच मुलगी न्यायची आहे, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं. उर्वशी बारावीत होती. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

आणि तिच्याशिवाय नेणार तरी कोणाला? ती सहावीत असताना तिच्या बापानं, गुणवंतानं, संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीच्या मोटारघराच्या भिंतीवर एक लोखंडी रिंग ठोकून दिली होती. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ही आणि ती भिंत. भिंत बॉल मागत नाही, कुरकुर करत नाही, टाकला की मुकाट्यानं परत देते. असा जोडीदार मिळाल्यावर माणसांची गरज कोणाला वाटते? पांढुर्ण्यात तिचा खेळ बघायला लोक दुकान पोराच्या हवाली करून येत. टीममधल्या बाकी चौघींचं काम बॉल तिच्यापर्यंत पोचवण्याचं. त्याबद्दल कोणी कधी तोंड उघडलं नाही, कारण जिंकत होत्या ना सगळ्या!

जिल्हा नवा. आधी छिंदवाडा जिल्ह्यात होते तेव्हा छिंदवाड्याच्या पोरींपुढं इकडच्या कोणाची डाळ शिजत नसे. आता जिल्ह्यात पांढुर्णा आणि सौंसर दोघेच उरले, त्यामुळे फायनलला हेच दोघे समोरासमोर येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मैदान सौंसरचं, गर्दी सौंसरची. पांढुर्ण्याची माणसं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी होती आणि संख्येची कसर आवाजानं भरून काढत होती.

सुरुवातीला पंचांनी पाहुण्या टीमच्या कॅप्टनला विचारलं, पहिल्या हाफला कोणती रिंग घेता? मोरेश्वर सर, म्हणजे त्यांचे खेळाचे शिक्षक, तेव्हा पाण्याची कॅन भरायला गेले होते. उर्वशीनं क्षणभरही विचार केला नाही. ऊन पाठीवर राहील अशी पूर्वेची रिंग तिनं मागून घेतली. बाईंना पहिल्या दहा मिनिटांतच कळलं पाहिजे, की आपण इथं कोणासाठी आलो आहोत.

"दीदी," मागून हिमानी हळूच म्हणाली, "मंग दुसऱ्या हाफमंदी ऊन डोळ्यावर येईन ना आपल्या."

हिमानी अकरावीतली, प्राथमिक शाळेतल्या मास्तराची मुलगी. आवाज इतका हळू, की वर्गात हजेरी देतानासुद्धा गैरहजेरी लागायची.

"तवापर्यंत म्यॅच राहीन तं ऊन येईन," उर्वशी म्हणाली. "तू कायले फिकीर करून राहिली?"

आणि पहिला हाफ खरोखर तिचाच झाला. दुरून टाक, वळून टाक, उडी मारून टाक, बॉल जाळीतूनच जाणार. सौंसरच्या मुली बिचाऱ्या लांबून टाकायचं नावच घेत नव्हत्या. आपसांत बॉल फिरवत फिरवत रिंगच्या अगदी खाली शिरायचं आणि तिथून टाकायचं, एवढंच त्यांना येत होतं. "यायले दुरून टाकताच येत नाही वाटते," उर्वशी टीममधल्या ऋतुजाला म्हणाली आणि दोघी हसल्या. मध्यंतराला पांढुर्णा अकरानं पुढं होतं. टोपीवाल्या बाई पुढं झुकून बसल्या होत्या. ते उर्वशीनं बरोबर टिपलं.

दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या, आणि सौंसरच्या पोरींना दुरून का टाकता येत नाही ते उर्वशीला कळलं.

थंडीचे दिवस, सूर्य लवकर उतरलेला. पश्चिमेच्या रिंगच्या नेमका वर येऊन तो असा बसला होता, की तिकडं मान वर केली की डोळ्यांत नुसता पांढरा जाळ. ना रिंग दिसे, ना बोर्ड. रिंगच्या अगदी खाली गेलं तरच बोर्डाआड ऊन लपत होतं. सौंसरच्या मुली रोज याच मैदानावर खेळायच्या. खाली शिरून टाकायची सवय त्यांना या उन्हानंच लावली होती, आणि त्या मोठ्या शहाण्यासारख्या ही गोष्ट कोणाला सांगत नव्हत्या.

उर्वशीनं पहिला बॉल टाकला, तो रिंगला लागलाच नाही. दुसरा बोर्डाच्या कडेवर आपटला. तिसऱ्याला सौंसरच्या दोघी तिला येऊन चिकटल्या, एक पुढून, एक बाजूनं. तरी तिनं टाकलाच. गर्दी हसली. ते हसणं तिच्या कानशिलात गेलं. आता तर टाकलाच पाहिजे! चौथा, पाचवा. अकराची आघाडी उन्हात बर्फ ठेवावा तशी विरघळली. सौंसरनं एकानं पुढं मजल मारली, तेव्हा पंचांची शिट्टी वाजली आणि मोरेश्वर सरांनी बोट दाखवलं. "दहा नंबर, बाहेर." तिच्या जागी मीना आत गेली.

उर्वशीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सर, मले काढू नका. त्या बाई पाहून राहिल्या."

"मले मालूम हाय. बस."

"सर, माह्यं शेवटचं वर्ष हाय!"

"बस म्हनलं ना."

ती बाकावर बसली. टॉवेल तोंडावर घेतला, कारण रडताना दिसायचं नव्हतं. सहा वर्षं या टीमला खांद्यावर वाहिलं, आणि आज ऐन वेळी आपल्यालाच दूध पिणाऱ्या मांजरीसारखं बाहेर हाकललं. सरांचा तिला इतका राग आला, की पांढुर्णा हरलं तर बरं होईल, म्हणजे यांना कळेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

थोड्या वेळानं टॉवेल खाली घ्यावाच लागला. आणि उघड्या डोळ्यांनी आपल्याच टीमला बाहेरून खेळताना तिनं पहिल्यांदा पाहिलं.

वैशाली बॉल ऋतुजाला देत होती, ऋतुजा मीनाला. हिमानी रिंगच्या डाव्या बाजूला, बोर्डाच्या सावलीत, हात वर करून उभी होती. बॉल आला नाही तर हात खाली घ्यायची, गोल फिरून पुन्हा तिथंच यायची आणि पुन्हा हात वर करायची. ओरडायची नाही. उर्वशीच्या आता लक्षात आलं. ही पोरगी आजच तिथं उभी नव्हती. ही रोजच तिथं उभी राहत होती. आपणच कधी तिकडं बघितलं नव्हतं.

ऋतुजाकडून बॉल आला आणि हिमानीनं टाकला. गेला. मग आणखी एक गेला. पांढुर्ण्याचा कोपरा आता "हिमानी, हिमानी" म्हणू लागला. पुढचा बॉल रिंगवर नाचून बाहेर पडला, आणि उर्वशीला बरं वाटलं.

बरं वाटलं! आपल्याच टीमचा बॉल चुकला, अजिंक्यपद हातचं जायला आलं, आणि हिला बरं वाटलं. स्वतःच्या मनाचं हे रूप बघून तिला इतकी शरम वाटली, की तिनं बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. आणि मग ती खरंच बघायला लागली, खेळाडूनं बघावं तसं.

शेवटची दोन मिनिटं उरली होती. तिकडून सौंसरचेही बॉल जात होते, ते पुन्हा एकानं पुढं. हिमानीला आता बॉल मिळत नव्हता. कारण तर समोरच होतं. उर्वशीला चिकटलेल्या त्या दोघी आता मोकळ्या होत्या आणि थेट रिंगखाली जाऊन ठाण मांडून बसल्या होत्या. तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"सर," उर्वशी म्हणाली. "मले आत पाठवा."

"कायले?"

"त्या दोघी माह्या मागंच येतीन. मी त्यायले घेऊन कोपऱ्यात जातो. खाली हिमानीले जागा होईन."

सरांनी मैदानावरची नजर पहिल्यांदा तिच्याकडं वळवली. "अन् बॉल?"

"मागत नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

माणूस कडक, पण दुष्ट नव्हता. "मंग बाईले तुह्यं काहीच दिसनार नाही, उर्वशी. समजते ना तुले?"

"समजते, सर."

तिनं बुटाची लेस आवळली.

ती मैदानात उतरली तशी गर्दीत लाट उठली. सौंसरच्या त्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि धावत तिच्याकडं आल्या. उर्वशी उजव्या कोपऱ्याकडं पळाली, दोघी मागं. सौंसरनं एकदा बॉल टाकला, चुकला. पांढुर्ण्यानं एकदा टाकला, चुकला. पुन्हा सौंसरचा बॉल. वैशालीनं जीव पणाला लावून तो हिसकावला आणि ऋतुजाकडं फेकला. घड्याळात आता मोजके सेकंद उरले होते.

उर्वशी पुन्हा कोपऱ्यात. टोपीवाल्या बाई तिच्यापासून चार हातांवर. इतक्या जवळ, की त्यांच्या पेनाची टकटक तिला ऐकू येत होती. सहा वर्षांच्या सवयीनं ऋतुजानं मान वळवली ती उर्वशीकडंच. पांढुर्ण्याचा सगळा कोपरा ओरडत होता, "उर्वशीले दे! उर्वशीले दे!" एक हात वर केला असता तर बॉल आला असता. हात आपोआप वर जायला निघालेही होते. आणि कोण जाणे, या वेळी गेलाही असता बॉल आत! उन्हातसुद्धा एखादा जातोच की!

उर्वशीनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं.

ऋतुजा गोंधळली. सौंसरच्या दोघीही गोंधळल्या. यात काहीतरी डाव आहे असं वाटून त्या आणखीच चिकटल्या. उर्वशीनं फक्त हनुवटीनं डावीकडं दाखवलं. ऋतुजानं तिकडं बघितलं. बोर्डाच्या सावलीत हिमानी, हात वर. बॉल गेला. हिमानीनं पकडला, वळली आणि टाकला. बॉल रिंगवर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. 'जा रे बाबा,' उर्वशी म्हणाली, 'आत जा.' आणि या वेळी तिच्या मनात दुसरं काहीसुद्धा नव्हतं.

बॉल आत पडला. शिट्टी वाजली. एकानं जिंकले!

हिमानीला कोणी उचललं, कोणाच्या कोपरानं कोणाचं नाक फुटलं, कोण रडलं, काही पत्ता लागला नाही. त्या गराड्यात उर्वशीही होती आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होती. गर्दी जरा पांगली तशा टोपीवाल्या बाई सरांकडं आल्या आणि म्हणाल्या, "सात नंबर को बुलाइए."

दहा नंबर उर्वशीचा होता. सात हिमानीचा.

उर्वशीला हे माहीत होतं, सरांनी बजावलंही होतं, तरी आतमध्ये कुठंतरी वाटत होतं की बाईंना कळेल. हिमानी जागची हलेना. "दीदी, तुलेच बोलावून राहिल्या त्या. नंबर चुकला असन."

"नाही चुकला. चाल." उर्वशीनं तिचा हात धरला आणि बाईंसमोर नेऊन उभं केलं.

बाईंनी हिमानीला नाव विचारलं, उंची विचारली. मग त्यांची नजर उर्वशीकडं गेली. "और तुम? आखिर में हाथ पीछे क्यों बाँध लिए थे?"

ही शेवटची संधी होती, आणि उर्वशीला ती स्पष्ट दिसत होती. हा आमचा ठरलेला डाव होता, माझाच, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"सामने रखती तो माँग लेती, मैडम," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि हिमानीची जन्मतारीख लिहून घेतली. जागा एकच होती, ती गेली.

परतीच्या गाडीत बाकीच्या मुली गाणी म्हणत होत्या. ढाल मोरेश्वर सरांच्या मांडीवर होती. मोहगाव मागं पडल्यावर शेजारी बसलेल्या हिमानीनं विचारलं, "दीदी, तुले राग आला का वं?"

"आला," उर्वशी म्हणाली. "लय आला."

हिमानीचे डोळे भरले.

"तू कायले रडून राहिली? आज रडाचं काम माह्यं हाय." उर्वशीनं नाक पुसलं. "अन् ऐक. जबलपूरले विभागाच्या म्यॅचीत तिकडच्या पोट्ट्या तुह्या मागं दोघी लावतीन. तवा कोपऱ्यात तू जाजो. खाली मी राहीन."

हिमानीनं मान डोलावली. उर्वशीनं खिडकीकडं तोंड फिरवलं आणि पांढुर्णा येईपर्यंत पोटभर रडून घेतलं.