आहात तिथेच थांबा

रेडिओ आता कोणी ऐकत नाही, हे शहरात घरोघर जाऊन विचारून सिद्ध झालं होतं. विचारणारी मुलगी दारात उभी राहायची. घरातली माणसं म्हणायची, "रेडिओ? छे हो, आता कोण ऐकतं!" आणि त्यांच्या पाठीमागे, आतल्या खोलीत, कोणीतरी हवामान सांगत असायचं. मुलीला ते ऐकू येत नव्हतं असं नाही. पण तिला विचारायला पाठवलं होतं, ऐकायला नव्हे. निकाल आला: श्रोते शून्य.

"शून्य म्हणजे अगदीच शून्य?" खरखरने रेडिओ केंद्राच्या साहेबांना विचारलं.

"अगदी. चुकायला जागाच नाही."

"पण साहेब, मी..."

"तू ऐकतोस?"

"मी लावतो. ऐकायला वेळ कुठे असतो?"

"मग?" साहेब म्हणाले, आणि विषय संपला.

खरखर हा केंद्रावरचा ऑपरेटर. लहानपणी त्याचं नाक बारा महिने चोंदलेलं असायचं, म्हणून आत्याने हे नाव ठेवलं. नाक सुटलं, नाव सुटलं नाही. पुढे तो रेडिओतच चिकटला, तेव्हा लोकांना वाटलं, काय समजूतदार आईबाप, आधीपासून विचार करून ठेवला होता.

केंद्र बंद करायचं ठरलं. निरोपाचा कार्यक्रमसुद्धा नको, असं साहेबांचं म्हणणं. "निरोप घ्यायला समोर माणूस लागतं. शून्याचा कसला निरोप घ्यायचा?" दुपारी शेवटचं गाणं संपलं की माइक बंद, दिवे बंद, दाराला कुलूप. प्रक्षेपक तेवढा चालू ठेवायचा होता, कारण मनोऱ्याच्या टोकावरचा लाल दिवा त्याच वायरीवर होता आणि तो विझला की विमानवाले फोन करून खेकसतात. मनोरा उतरवणारी माणसं उद्या येणार होती. तोपर्यंत हवेत नुसती शांतता जाईल. ऐकणारंच कोणी नाही म्हटल्यावर शांततेने कोणाचं काय घोडं मारलंय?

खरखरने शेवटचं गाणं लावलं. ते संपलं तसं त्याने बटण खाली ओढलं आणि डबा उचलून निघाला. जिन्यात त्याला वाटलं, आपण काहीतरी विसरलोय. खिसे चाचपले. किल्ल्या होत्या, फोन होता. असेल काहीतरी, म्हणून तो खाली उतरला.

विसरला होता तो पहारेकरी.

पहारेकरी म्हणजे कपाटामागचं एक करडं खोकं. प्रसारणात शांतता पडली की ते आपोआप जागं व्हायचं आणि कोणीतरी हाताने बंद करेपर्यंत एकच टेप पुन्हा पुन्हा वाजवायचं. टेपवर आवाज होता खरखरच्या आत्याचा. आत्या केंद्राची जुनी निवेदिका. शहर अर्धं आयुष्य तिच्या आवाजाने उठलं, तिच्या आवाजाने जेवलं. "श्रोतेहो," टेपवर ती म्हणायची, "प्रसारणात थोडा व्यत्यय आला आहे. आहात तिथेच थांबा. मी आलेच."

आजवर ही टेप कधी दोन-चार श्वासांच्या वर वाजली नव्हती. आणि दोन-चार श्वास सगळं शहर थांबलं, तर ते लक्षात येणार कोणाच्या? सगळेच थांबलेले असतात.

खाली केशकर्तनालयात न्हावी उभा होता. समोरच्या खुर्चीत एक गृहस्थ फेसाने माखलेले, आणि न्हाव्याचा वस्तरा त्यांच्या गळ्यावर टेकलेला. दोघंही हलत नव्हते. फळीवरच्या रेडिओतून आत्याचा आवाज येत होता.

"काय रे, झोप लागली का उभ्या उभ्या?" खरखरने दारातून विचारलं.

"थांबलोय," न्हावी ओठ न हलवता म्हणाला. "बाई थांबा म्हणाल्यात."

"तू तर त्या मुलीला म्हणाला होतास, मी रेडिओ ऐकत नाही."

"ऐकत कुठे? चालू असतो."

"मग चालू तरी कशाला ठेवतोस?"

न्हाव्याने विचार केला. विचार करताना त्याचा हात थोडा हलला, तसे खुर्चीतले गृहस्थ घाईघाईने म्हणाले, "अहो, नका प्रश्न विचारू त्यांना! मी सांगतो. बंद केला की दुकानात आपण एकटेच आहोत असं वाटतं. बरोबर ना?"

"तसंच," न्हावी म्हणाला.

"अरे, पण तुम्ही दोघं आहात ना दुकानात!"

"आता आहोत," गृहस्थ म्हणाले. त्यांच्या गालावरचा फेस वाळून तडकायला लागला होता.

खरखर हसला. आपली कोणीतरी फिरकी घेतंय अशी त्याची खात्री होती. कोपऱ्यावर वळला तेव्हा हसू उतरलं. रस्त्याच्या मधोमध बस उभी होती. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर, आणि पायाला थरथर सुटलेली. झेब्रा पट्ट्यांवर एक बाई एक पाय उचलून उभी, मुलाचं बखोट धरून. दाताच्या दवाखान्याच्या खिडकीत एक तोंड आ वासलेलं. त्या तोंडातून एक लांब, एकसुरी "आऽऽ" येत होता, आणि डॉक्टरीण धीर देत होती, "येतीलच हो त्या, आलेच म्हणाल्यात." शिडीच्या टोकावर एक रंगारी, त्याच्या ब्रशातून थेंब थेंब पांढरा रंग खालच्या टोपीवर पडत होता. टोपीखालचा माणूस काही बोलत नव्हता. फक्त एक कुत्रा सगळ्यांना हुंगत, आरामात, रस्ता आपलाच असल्यासारखा चालला होता.

आणि प्रत्येक दुकानातून, प्रत्येक गाडीतून, प्रत्येक खिडकीतून तोच आवाज. मी आलेच.

कुठून तरी दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला. मग दुसरीकडूनही. खरखरला आई आठवली आणि तो पळत सुटला. सगळ्या रस्त्यात पळणारा तो एकटाच होता. लोकांचे डोळे त्याच्याकडे वळत होते. बेशिस्त माणसाकडे वळतात तसे.

वडील गेल्यापासून घरात तिघंच होती. खरखर, आई आणि आत्या. स्वयंपाकघरात आई तीन पायांच्या स्टुलावर टाचा उचलून उभी होती. दोन्ही हात वर, हातांत माळ्यावरून अर्धवट ओढलेलं मोठं पितळी पातेलं. हे पातेलं खाली काढायला एरवी खरखर लागायचा, आणि तरी कण्हायचा. शेगडीवरचं दूध उतू जाऊन आच विझली होती आणि गॅस सूं सूं करत येत होता.

त्याने आधी गॅस बंद केला, खिडकी उघडली. मग पातेल्याला हात घातला.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. तिचे दंड लटलटत होते. "वन्सं थांबा म्हणाल्यात."

"आई, ती टेप आहे! जुनी टेप! आत्या पलीकडच्या खोलीत बसलीये."

"ते मला माहीत आहे. सकाळपासून स्वेटर विणताहेत."

"मग?"

"मग काय? रेडिओवर सांगितलंय. घरात सांगितलेलं मी त्यांचं कधी ऐकलंय का?"

खरखरने सरळ ओट्यावरचा रेडिओच बंद केला. त्याबरोबर आई इतकी घाबरली की स्टुलाचा एक पाय उचलला गेला.

"अरे मेल्या, लाव तो! लाव आधी! त्या आल्या हे मला कळणार कसं? जन्मभर अशीच उभी राहू का?"

खरखरने पुन्हा लावला. तेव्हा त्याला खरा पेच कळला. केंद्रावर जाऊन पहारेकऱ्याचा गळा दाबणं सोपं होतं. पण टेप बंद पडली असती तर अख्खं शहर आहे तिथेच, आहे तसं राहिलं असतं. वाट बघत. आणि आईचे हात फार तर थोडा वेळ टिकले असते. पातेलं डोक्यावर येणार होतं हे नक्की, आणि ते येताना आई बाजूला होणार नव्हती हेही नक्की.

तो आत्याकडे धावला.

आत्या खिडकीपाशी स्वेटर विणत होती. निवृत्त झाल्यापासून ती फारसं बोलत नसे. आपल्या वाट्याचं बोलून झालंय, म्हणायची. खरखरखेरीज सगळ्या शहरात हलणारं तेवढं एकच माणूस होतं, कारण आत्याने रेडिओ कधी ऐकलाच नव्हता.

"आत्या, चल. केंद्रावर चल. मी आले, एवढंच म्हणायचंय. आई स्टुलावर अडकलीये. सगळे अडकलेत."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे!"

आत्याच्या सुया थांबल्या. "ऐकत होते म्हणजे," ती हळूच म्हणाली.

"आत्या, ऊठ ना गं!"

"मला शेवटच्या दिवशी निरोपाचं वाक्य बोलू दिलं नाही, माहीत आहे तुला? साहेब म्हणाले, बाई, ऐकतंय कोण? चला, केक कापू." तिने लोकर नीट गुंडाळून ठेवली. "थांब, कपडे बदलते."

"रेडिओवर कपडे दिसत नाहीत!"

"तुला नाही कळायचं ते."

ती ठेवणीतले कपडे घालून, केस विंचरून, पर्स घेऊन निघाली. निघताना स्वयंपाकघरात डोकावली. "वहिनी, जाऊन येते हं."

"या," आई वरून म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता. "सावकाश या. माझी काळजी नको."

आत्याने तिचं ऐकलं. ती सावकाशच चालत होती. खरखर तिच्या पुढे पळायचा, मागे यायचा, हात ओढायचा. शहरभर तिचा आवाज घुमत होता आणि त्या आवाजातून ती स्वतः चालली होती. लोकांनी तिला ओळखलं. उभ्या जागी त्यांचे चेहरे उजळले.

"आलात बाई?" बसचा ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आले. पण अजून म्हटलं नाही," आत्या म्हणाली.

"नाही नाही, हलत नाहीये मी."

आत्याने झेब्रा पट्ट्यांवरच्या मुलाची कॉलर सरळ केली. टोपीवाल्याचं डोकं जरा बाजूला कलवलं, म्हणजे रंग खांद्यावर पडेल. शाळेच्या खिडकीत एका शिक्षकाने फळ्याशी उचललेला खडू खाली घेतला होता, त्याच्याकडे तिने नुसतं बघितलं. त्याने हात पुन्हा वर केला. खरखरला पहिल्यांदाच आपल्या आत्याची भीती वाटली.

केंद्राच्या दारात साहेब उभे होते, हातात कुलूप, कुलपात किल्ली, किल्ली अर्धी फिरलेली. खरखरच्या मागून ते कुलूप लावायला आले, तेवढ्यात आतल्या चौकीदाराच्या रेडिओने त्यांनाही थांबवलं होतं.

"तुम्ही पण, साहेब?" खरखर म्हणाला.

"मी ऐकत नाही," साहेब म्हणाले. "चालू होता."

आत्याने त्यांच्या हाताखालून वाकून दार ढकललं आणि वर गेली.

स्टुडिओत ती आपल्या जुन्या खुर्चीत बसली. माइक थोडा खाली ओढला. खरखरने पहारेकऱ्याचं बटण दाबलं, आणि खिडकीबाहेर शहरभर एकदम इतकी शांतता झाली की ब्रशातला थेंबही ऐकू येईल. त्याने माइकचं बटण वर सरकवलं.

"आधी शेगड्या," तो पुटपुटला. "मग आई."

"श्रोतेहो," आत्या म्हणाली, आणि तो आवाज म्हातारा झालाच नव्हता. "मी आले."

खालच्या रस्त्यावरून एक मोठा उसासा आला.

"ज्यांच्या शेगड्या चालू आहेत, त्यांनी त्या बंद करून खिडक्या उघडाव्यात. हातात जे असेल ते खाली ठेवा. उंचावर असाल तर सांभाळून उतरा."

खरखर खिडकीशी धावला. रंगारी शिडी उतरत होता. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. बाईने मुलाचं बखोट सोडलं. साहेबांनी कुलूप पायरीवर ठेवलं, हळुवार, अंडं ठेवतात तसं. आणि मग सगळे पुन्हा उभे राहिले. हात मोकळे, माना वर, केंद्राच्या खिडकीकडे.

खिशात फोन वाजला. आई होती.

"उतरले रे," ती म्हणाली. धापा टाकत होती, पण धड होती. "पातेलं खाली ठेवलं. काही लागलं नाही." रडू की हसू, खरखरला कळेना. मग आई म्हणाली, "आता पुढे काय करू, विचार त्यांना."

"पुढे काय म्हणजे? बस, पाणी पी!"

"तू नको सांगूस. त्यांना विचार."

"आत्या," खरखरने फोन छातीशी धरला, "सांगून टाक ना. आपापल्या कामाला लागा म्हणून. झालं तुझं वाक्य."

आत्याने माइकवर तळवा ठेवला. ती खिडकीबाहेर, त्या मोकळ्या हातांच्या माणसांकडे बघत होती. बऱ्याच वर्षांनी घरी पाहुणे आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

"किती जण असतील रे?"

"सगळेच आहेत."

"मग घाई कशाला?"

खरखरची बोटं माइकच्या बटणावर होती. ते खाली ओढणं काहीच अवघड नव्हतं. पण ओढलं की पुढचं वाक्य नाही, आणि पुढच्या वाक्याशिवाय आई स्वयंपाकघराच्या मधोमध उभी, तहानलेली, शेजारी भरलेला माठ. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. ती ऐकत होती.

त्याने बोटं काढून घेतली.

आत्याने तळवा उचलला, घसा साफ केला.

"श्रोतेहो," ती म्हणाली, "आता बसा."

बाहेर रस्त्यावर, पायरीवर, पट्ट्यांवर, बसच्या दारात एकदम कापडाची सळसळ झाली आणि थांबली. खरखर काहीतरी बोलायला गेला, आणि त्याच्या लक्षात आलं की आत्या आता त्याला बरीच उंच दिसतेय.

तो जमिनीवर बसला होता.