वाटेवरचा देव

कामठ्याच्या केवळराम महाराजांचं कीर्तन सोनिका आईच्या मांडीवर बसून ऐकायला लागली, ती सवय गोंदियाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागल्यावरही सुटली नाही. २०१४च्या माघात मात्र महाराज भर आख्यानात पोट धरून खाली बसले. आख्यानातला, भक्ताच्या घरी निघालेला देव वाटेवरच राहिला. जठराचा कॅन्सर निघाला. भेटायला येईल त्याला महाराज एकच सांगत, "ते नवं इंजेक्शन लागू होऊ द्या, उरलेलं सांगतोच."

इंजेक्शन लागू पडणार की नाही, हे एका प्रथिनावर ठरणार होतं. गाठीच्या पेशींवर ते भरपूर असलं तर काचपट्टीवर तपकिरी कडा उमटतात. नसलं तर औषध वायाच. पोटात दुर्बीण घालून काढलेले गाठीचे मसुराएवढे तुकडे सोनिकानंच मेणात बसवले, नामस्मरण करत एकाचे काप घेतले आणि तपासायला नागपूरला पाठवले.

निकाल आला, रंग नाही. पण खाली लिहिलं होतं : तुकड्यात गाठीच्या पेशी नावापुरत्या, बाकी सगळी शेजारची ऊती; दुसरा पाठवा. सोनिकाला वाटलं, देवानंच दार किलकिलं ठेवलं. ती तडक कामठ्याला गेली. "महाराज, तो शेजारचा तुकडा होता. खरा अजून बाकी आहे!" महाराजांच्या पत्नी जमुनाकाकींनी लगेच देवापुढे दिवा लावला.

आठ दिवसांनी दुसऱ्या तुकड्याची काचपट्टी नागपूरहून परत आली. अहवाल हातात असूनही सोनिकानं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कोपऱ्यात पडताळ्यासाठी लावलेला कुणा दुसऱ्याचा तुकडा गडद तपकिरी झाला होता, म्हणजे रंगात खोट नव्हती. महाराजांचा तुकडा गाठीच्या पेशींनी काठोकाठ भरलेला, आणि निळा, कोरा; तपकिरी कडा एकही नाही.

महाराज अंगणात खाटेवर पडले होते.

"ये वं बाई. पोलीस आल्यावानी काऊन उभी राहून राहिली?"

"महाराज, नाही निघालं ते."

"दुसऱ्यातबी नाई?"

"नाही. माझंच चुकलं. उगाच आस लावली."

"मंग कायले सांगितलं होतं वं तवा?" जमुनाकाकी उसळल्या. "आठ दिवस दिवा विझू नाई देला मी!"

"राहू दे. आठ दिवस बरे गेले," महाराज म्हणाले. "टाळ आण."

"आता टाळ कायले?"

"देव वाटेवर उभा हाये ना कवाचा."

काकी टाळ धरून बसल्या. समोर श्रोता एकटी सोनिका. महाराजांनी उशीला टेकून देवाला रान ओलांडवलं, नदी ओलांडवली. गावकुसाशी त्यांना धाप लागली. त्यांनी हातानंच सोनिकाला खूण केली, पुढं तू.

तिला अक्षर न् अक्षर पाठ होतं. तिनं देवाला भक्ताच्या दारापर्यंत आणलं आणि तिथंच ती थांबली. टाळ अडखळला.

"आत बलाव ना वं त्याले," महाराज डोळे मिटून म्हणाले.