दुसऱ्यांच्या पैशाची घरे

"दोन दिवस ओव्हनचं दार उघडं टाकून बसतेय मी," तळघराच्या जिन्यावर उभ्या राहून मिसेस गेदर म्हणाल्या. अंगात कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, पायांत घरातल्या सपाता. "या वयात माझी पावरोटी व्हायची तेवढी राहिलीय."

घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरपुढे पालथा पडलेला रॉइस टिबेट्स तोंडातली बॅटरी काढून म्हणाला, "ओव्हन पेटवून बसू नका. जीव जाईल."

"आणि नाही पेटवला तर?"

त्याने पुन्हा काडी ओढली. ज्योत निळी झाली, थरथरली आणि विझली. सकाळची शाळेची फेरी आटोपून तो बसचालकाचा गणवेश न बदलता इथे आला होता आणि दुपारी शाळा सुटायच्या आत त्याला पुन्हा बस बाहेर काढायची होती. टोलेडो शहराच्या गोठवणाऱ्या फेब्रुवारीत भाडेकरूला गारठ्यात ठेवणे कायद्यातही बसत नव्हते आणि त्याच्या मनातही.

तेवढ्यात फोन वाजला. थोरल्या बहिणीचा, विल्माचा.

"कुठं आहेस?"

"बॉयलरच्या पोटात."

एरवी ती हसली असती. आज ती थेट नवऱ्याच्या नोकरीवर आली. "एमेटचा कारखाना बंद झाला. काही दिवसांपुरता नाही, कायमचाच. मला ते पैसे लागतील, रॉइस."

"हो. देतो की."

"उन्हाळ्याच्या आत?"

"देतो म्हटलं ना."

फोन खिशात घालून तो तसाच थंड फरशीवर पडून राहिला.

"वाईट बातमी?" मिसेस गेदरनी वरून विचारले.

"घरचंच आहे."

"मग वाईटच," त्या म्हणाल्या आणि टोपी कानांवर ओढत वर गेल्या.

रॉइसची तीन भाड्याची घरे होती, आणि राहते चौथे. बसच्या आगारात पोरे त्याला 'जमीनदार' म्हणत. "जमीनदार, आज आमच्यासारखं कष्टाला आलात?" असे रोज कुणीतरी विचारी आणि तो हसून चावी उचली. त्या तिन्ही घरांत त्याची स्वतःची एक वीटही नव्हती, हे त्यांना सांगून पटले नसते.

सुरुवात महामार्गाजवळच्या एका हॉटेलातल्या शिबिरापासून झाली होती. पांढरे बूट घातलेल्या एका माणसाने व्यासपीठावर फेऱ्या मारत सांगितले होते, "खिशात पैसा नाही म्हणून थांबू नका. पैसा दुसऱ्याचा, घर तुमचं. तुम्ही झोपलेले असाल आणि भाडं जमत असेल." घरी येऊन रॉइसने हे बायकोला ऐकवले, तेव्हा डेल्फीन म्हणाली होती, "पहाटे बस काढतोस तू. तुला झोप कुठंय?" पण कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा तिनेही केली. आपणही कधीतरी दुसऱ्यांचे दात मोजायचे थांबवू, असे तिलाही वाटत होते. ती एका दंतवैद्याकडे खुर्चीशेजारी मदतीला उभी असे.

पहिले घर मिसेस टकाच नावाच्या विधवेचे. बँक नको, हप्ता थेट म्हातारीच्या हातात. अट एकच, शेवटच्या हप्त्यापर्यंत घर विकायचे नाही. दुसरे हे दुमजली, मिसेस गेदर राहत ते. त्यासाठी आगाऊ भरायची रक्कम विल्माने आपल्या म्हातारपणाच्या शिलकीतून काढून दिली. तिसरे एका कर्जबाजारी माणसाचे; घराच्या किमतीएवढेच त्यावर कर्ज होते. कर्ज त्याच्याच नावावर ठेवून रॉइस गुपचूप हप्ते भरत होता. घराचा मालक बदलल्याचे बँकेला कळले तर सगळे कर्ज एकरकमी मागण्याचा तिला हक्क होता. एका घराच्या भाड्यातून दुसऱ्याचा हप्ता, दुसऱ्याच्या भाड्यातून तिसऱ्याचे छप्पर. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालता घालता रॉइसचे केस मात्र गेले. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे त्यालाही ठाऊक होते, पण इथे अंथरूणच दुसऱ्याचे होते.

त्याच आठवड्यात त्याने उधारीवर नवा बॉयलर बसवला आणि घरांची खरेदी-विक्री करणाऱ्या एका दलालाला बोलावले. दलालाने दुमजली घराला एक चक्कर मारली, छपराकडे बघून ओठ मुडपले आणि म्हणाला, "आजच्या भावाला विकलंत तर बँकेचं कर्जसुद्धा फिटणार नाही. वर तुम्हालाच पैसे भरावे लागतील. ठेवा तुमच्याकडेच."

"ठेवायला परवडत नाही."

"मग विकायलाही परवडत नाही," दलाल म्हणाला आणि आपले कार्ड देऊन गेला.

रविवारी रॉइस विल्माकडे गेला. तिचा नवरा एमेट खुर्चीत बसला होता. जन्मभर काचेच्या कारखान्यात काढलेल्या त्याच्या हातांवर बारीक पांढरे व्रण होते, आणि त्या हातांचे काय करावे हे त्याला सुचत नसल्यासारखे ते मांडीवर पडलेले होते. विल्माने कॉफी ओतली.

"ते दुमजली घरच तुझ्या नावावर करतो," रॉइस म्हणाला. "दोन्ही मजल्यांचं भाडं तुझं. पैशापेक्षा बरं."

"आणि छप्पर गळतं ते?"

"ते मी बघीन."

"तूच बघणार, तर माझ्या नावावर कशाला?" विल्मा समोर बसली. "मला नाही व्हायचं घरमालकीण. तुझ्याकडं बघून हौस फिटली."

"तुझी गुंतवणूक बुडू नये म्हणून म्हणतोय."

"गुंतवणूक?" तिने कप खाली ठेवला. "मी गुंतवणूक म्हणून दिलेच नव्हते, रॉइस. तू नवा शर्ट घालून आला होतास. याच टेबलावर कागदावर घरं काढून दाखवलीस, त्यांना बाणबीण काढलेस. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही. पण आई गेल्यापासून तुला इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. म्हणून दिले."

एमेट पहिल्यांदाच बोलला. "आता त्या पैशांचा किराणा आणायचाय."

घरी आल्यावर त्याने डेल्फीनला सांगितले. ती ओट्याशी बटाटे सोलत होती. सोलत राहिली.

"विकण्यासारखं एकच आहे," रॉइस म्हणाला.

"माहितीये."

"या घराला हात लावणार नाही, असं मी म्हणालो होतो."

"म्हणाला होतास." तिने बटाटा पाण्यात टाकला. "सही मीपण केली होती, त्यामुळं तुझ्यावर ओरडायचीही सोय राहिली नाही. पण मला आज काही विचारू नकोस. जेवायला काय करू एवढंसुद्धा नको."

राहते घर एप्रिलमध्ये विकले गेले. घेणारे जोडपे तरुण होते. ती मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून कुठली भिंत पाडायची हे नवऱ्याला दाखवत होती. डेल्फीन दारात उभी राहून तिला म्हणाली, "त्या भिंतीत पाण्याचा नळ आहे. जपून पाडा."

घराचे कर्ज वळते करून उरलेल्या रकमेचा चेक रॉइसने विल्माला नेऊन दिला. तिने तो न बघता घडी घालून खिशात ठेवला. "कुठं राहणार?"

"मिसेस गेदरच्या खालचा मजला या महिन्यात रिकामा झालाय."

विल्माने आणखी एक ताट काढले. "जेवून जा."

"बस काढायचीय."

त्याने देणे फेडले होते. तरी पूर्वी दर रविवारी येणारा तिचा फोन महिन्याने येऊ लागला, आणि मग सणावारी. भांडण काहीच झाले नव्हते. एकमेकांशी बोलताना काय टाळायचे हे दोघांनाही माहीत होते आणि ते टाळले की बोलायला फारसे उरत नसे.

खालच्या मजल्यावर सामान मावले नाही. जेवणाचे मोठे टेबल त्यांनी रस्त्याच्या कडेला ठेवले. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते नेले. पण खरी गोम रॉइसला पहिल्या तारखेला कळली. त्या मजल्याच्या भाड्यावर तिसऱ्या घराचा हप्ता बसवलेला होता. आता तिथे तोच राहत होता, तरी हप्ता थांबणार नव्हता. त्या रात्रीच्या जेवणानंतर डेल्फीनने आपल्या पगारातून भाडे काढून पाकिटात घातले आणि पाकीट त्याच्यासमोर ठेवले.

"हे काय?"

"भाडं."

"आपल्याच घराचं?"

"आपलं कुठलं?" ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले.

पुढे तो नेमच झाला. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सकाळची फेरी उरकून रॉइस घरी आला तेव्हा मिसेस गेदर आपले पाकीट घेऊन खाली आल्या. टेबलावर तसलेच दुसरे पाकीट पाहून त्या थबकल्या.

"तुम्हीपण भरता?"

"राहतो म्हणजे भरायलाच हवं."

मिसेस गेदरनी आपले पाकीट त्या पाकिटाशेजारी नीट ठेवले. जायला वळल्या, पण दाराशी रेंगाळल्या.

"एक सांगायचं होतं. पण असू दे. नंतर सांगीन."

"सांगा ना."

"झोपायच्या खोलीची खिडकी लागत नाहीये. वारा आत येतो. पण घाई नाही."

"बघतो," रॉइस म्हणाला.

मिसेस गेदर गेल्यावर तो खिडकीच्या फटीवर ठोकायची लोकरी पट्टी आणि हातोडी घेऊन आला. खाली त्याच्या आणि डेल्फीनच्या झोपायच्या खोलीतली खिडकीही गेल्या आठवड्यापासून तशीच होती. डेल्फीनने तिच्या फटीत जुना टॉवेल खुपसला होता. पट्टी एकच उरली होती. तो आपल्या खिडकीपाशी उभा राहिला आणि टॉवेल ओढून काढू लागला.

कामावर जायला कोट चढवत असलेली डेल्फीन दारातून म्हणाली, "आधी वरची कर."

त्याने टॉवेल पुन्हा फटीत सारला, दोन्ही अंगठ्यांनी कडेपर्यंत नीट दाबला आणि हातोडी घेऊन जिना चढू लागला.