कुंकू पुसल्यावरचं पाणी

लोखंडी दांडा. सातव्या मजल्यावरचा फ्लश. रंगाची पुडी. सव्वा महिन्याचं बाळ. एक ओला फडका.

हे सगळं माझंच आयुष्य आहे, मित्रांनो. मी एक जुना हातपंप आहे आणि मी माफी मागणार नाही.

माझा दांडा उल्हासनगरच्या एका वर्कशॉपात वेल्ड झाला. "एकदम कंपनीचा माल, साईं!" म्हणत सिंधी मालकाने मला टेम्पोत चढवलं. सोनिवलीजवळच्या वाडीत मला बसवलं. मुलं दांड्याला लोंबकळली, बायकांनी हंडे लावले. मी सगळ्यांना पाणी दिलं. वाडीला दुसरं पाणी नव्हतं. आजही नळ नाही.

मग शेजारी सात मजली कॉम्प्लेक्स उभं राहिलं. हळूहळू माझ्या पाण्याला वास येऊ लागला. वाडीत जुलाब सुरू झाले. दोष कोणाला? मला!

"हे लोक पंपावरच म्हशी धुतात," कॉम्प्लेक्सचे सेक्रेटरी महेंद्रशेठ म्हणाले. "कापून टाका."

मी घाण नव्हतो. मला घाण पाजली जात होती.

भूजल तपासणारी नेत्रा आली. माझं पाणी प्यायचं बंद करून तिने वाडीला टँकर लावला. महेंद्रशेठच्या समोर कॉम्प्लेक्सच्या संडासांत गुलाबी रंग ओतला.

"हा रंग पंपातून आला, तर तुमची मैल्याची टाकी गळतेय. ती दुरुस्त करायची आणि वाडीला नळ द्यायचा."

"आणि नाही आला तर?"

"तर पंप कापा."

रंग पोहोचायला काही दिवस लागणार होते. पण सव्वा महिन्याने बाळंतिणीने पाणी पुजायचं, ही वाडीची रीत. कौसाबाई सून जनीला आणि बाळाला घेऊन आली. दोघींनी माझ्या तोंडाला कुंकू फासलं. त्याच सकाळी नेत्राने दांडा मारला.

गुलाबी!

महेंद्रशेठ खदखदून हसले. "कुंकू आहे मॅडम. टेस्ट फेल! कटर मागवतो."

नेत्राचा चेहरा उतरला. "आजी, आजच पूजा करायची होती?"

"मंग, तुझ्या टेस्टला इचारून सून बाळंत व्हनार होती?" कौसाबाई कडाडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुकू वर हाय, पानी खालशी येतं. पुसून बघू."

जनीने बाळाला घट्ट धरलं. "आत्या, पूजेचं कुकू पुसायचं? बाळाला काय झालं म्हंजे?"

"दे फडका. देव कोपला त माझ्यावर कोपंल."

तिने मला खसाखसा घासलं. टँकरच्या पाण्याने धुतलं. एक ठिपकाही ठेवला नाही. मग नेत्राने दांडा मारला. पहिली बादली ओतून दिली. दुसरीही ओतली. मी पोटातून जोर लावला.

तिसरी बादली गुलाबी. चौथी त्याहून गुलाबी.

"कुकू शोधतोस का रं, महेंद्रा?" कौसाबाई म्हणाली. "घाल हात पंपाच्या तोंडात!"

महेंद्रशेठनी हात खिशात घातला.

मित्रांनो, पाण्याला वास आला की पंपाला कुलूप लावून घरी जाऊ नका. घाण कुठून निघाली, तिथपर्यंत चालत जा. माझ्यावर बंदीची लाल फुली मारायला याल, तर मीही गप्प बसणार नाही. दांडा मारा, मी दाखवतो.

त्या मैल्याच्या टाकीच्या जागी पूर्वी कौसाबाईच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं.