चार वर्षांची आई

जोआनासीने सीलच्या कलेजीचा पहिला तुकडा कापला आणि तळहातावर ठेवून आईपुढे धरला. आई चार वर्षांची होती. स्वयंपाकघराच्या जमिनीवर अंथरलेल्या पुठ्ठ्यापाशी ती मांडी घालून बसली होती.

"लहान आहे," ती म्हणाली. "मोठा दे, लेका."

त्याने मुकाट्याने मोठा कापला. त्याची आई आगियाक वारली त्याच हिवाळ्यात ही नात जन्मली आणि पणजीचं नाव तिला मिळालं. नाव आलं की माणूसही येतं, हे उत्तरेकडच्या त्या बर्फाळ गावात कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

"संध्याकाळी निवडणुकीच्या अर्जांची मुदत संपतेय," त्याची बायको रीपा पलीकडून म्हणाली. "तू उभा राहिलास तर लीतिया राहणार नाही. सख्ख्या काकाच्या विरोधात कोण उभं राहतं इथे? आणि पोरगी तुझ्यापेक्षा चांगली बोलते. सभागृहात झोपणारही नाही."

"मी एकदाच झोपलोय."

"टीव्हीवर एकदाच दिसलास."

जोआनासी हसला, पण हसू फार टिकलं नाही. वीस वर्षं तो विधानसभेत होता. पहिल्याच दिवशी सभापतींनी मत विचारलं तेव्हा त्याने गावच्या रीतीने नुसत्या भुवया उंचावून होकार दिला होता, आणि दक्षिणेकडून आलेला कारकून 'सदस्य गप्प' असं लिहून मोकळा झाला होता. पुढे तो बोलायला शिकला. धावपट्टीवर दिवे आणले, शाळेत आपली भाषा आणली. आता मात्र गुडघे कुरकुरत होते आणि विमानाचा आवाज ऐकला तरी नको वाटायचं.

पण शब्द दिला होता. शेवटच्या दुखण्यात आईने त्याचं मनगट धरलं होतं. "आपली म्हातारी माणसं परमुलखातल्या खोल्यांत मरतात. तिथे त्यांची भाषा कुणाला कळत नाही. त्यांचं घर इथे होईपर्यंत ती खुर्ची सोडू नकोस. आणि सोडायची कधी, ते मी सांगेन."

घर झालं. मागच्या महिन्यात उद्घाटनही झालं. सांगायचं तेवढं आईचं राहून गेलं होतं.

"मग विचार की तिला," रीपा म्हणाली. "समोर तर बसलीय."

त्याला नेमकी त्याचीच धास्ती होती. राजधानीहून येताना दर खेपेला तो तिच्यासाठी गोड गोळ्या आणायचा. त्या गोळ्यांपायी तिने जा म्हटलं तर जावंच लागणार होतं. आणि आईला पढवून तिच्याकडून हवं ते वदवून घेणं त्याच्याच्याने होणारं नव्हतं.

त्याने हात पुसले.

"आई, मी पुन्हा त्या मोठ्या घरात बोलायला जाऊ का?"

आई बराच वेळ चघळत राहिली. "गोळ्या तिथेच मिळतात ना?"

"तिथेच," तो खालच्या आवाजात म्हणाला. रीपाच्या हातातली सुरी थांबली.

"म्हाताऱ्यांच्या घरी आपण केक कापला."

"कापला."

"मग झालं की!" आईने नाक आक्रसलं. त्या गावात याचा अर्थ एकच, नाही. "केक कापल्यावर सगळे घरी जातात. तूपण ये."

जोआनासीचे डोळे भरून आले होते आणि त्याला ते लपवावेसे वाटले नाहीत. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आईने पुढे सरकून पापी घ्यायच्या गावच्या रीतीने त्याच्या गालाला नाक लावलं आणि पूर्वीसारखाच खोल श्वास घेतला. त्याच्या गालाला कलेजीचं रक्त लागलं.

मग रीपाने फोन लावून त्याच्या हातात दिला.

"लीतिया, अर्ज भरून टाक," तो म्हणाला.

पलीकडून पुतणीचा धास्तावलेला आवाज आला. "काका, खरंच? तुम्ही नाही उभे राहणार? माझ्याकरता म्हणून नाही ना सोडत? खरंच मी भरू?"

जोआनासीने भुवया उंचावल्या. वीस वर्षांत शिकलेलं सगळं बोलणं ऐन वेळी कुठे गेलं कोण जाणे.

"काका? हॅलो?"

आईने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"माझा मुलगा हो म्हणतोय," ती म्हणाली. "तो जेवतोय आता."