पेनड्राइव्ह काढायचा नाही

"वहिनी, एकच लक्षात ठेवा. हा पेनड्राइव्ह काढायचा नाही. घराला आग लागली तरी नाही."

"आग लागली तर आधी आईंना उचलू की तुमच्या लॅपटॉपला?"

"आईला उचला. पण पेनड्राइव्ह असू दे," भाऊजी म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले.

भाऊजी म्हणजे तिचे धाकटे दीर. धंदा लिफ्टदुरुस्तीचा, पण बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायला लागत. नको म्हटलं तर आणखीच. सकाळपासून ते तिच्या लॅपटॉपपुढे मांडी ठोकून बसले होते. लॅपटॉपला तेरा वर्षं झालेली. बनवणाऱ्या कंपनीने त्याच्यावर कधीच पाणी सोडलं होतं. नवी सिस्टीम त्यावर चालणार नाही, असं कंपनी स्वतःच सांगत होती.

"तर आपण काय करायचं," भाऊजींनी समजावलं होतं, "पेनड्राइव्हमधून एक प्रोग्रॅम सोडायचा. तो लॅपटॉपचं खरं वय सिस्टीमला कळूच देत नाही. लग्नाच्या बाजारात काय वेगळं करतात?"

एका इस्पितळातले डॉक्टर बोलून ठेवत ते रिपोर्ट ती टाईप करून देई. नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांनी अंथरूण धरलं आणि तिचं ऑफिस या खोलीत आलं. एका भिंतीला पलंग, दुसऱ्या भिंतीला टेबल, मध्ये चार पावलं. कानात डॉक्टरांचा आवाज आणि पाठीमागे सासूबाईंचा. नऊ वर्षांत तिने हजारो माणसांची दुखणी टाईप केली, पण त्यातलं एकही माणूस पाहिलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. सोमवारपासून नवा प्रोग्रॅम, तो जुन्या सिस्टीमवर चालत नाही. ज्यांच्या घरी चालणार नाही त्यांनी ऑफिसात येऊन बसायचं. नवा लॅपटॉप घेणं एवढ्यात शक्य नव्हतं. नवरा आठवडाभर फिरतीवर असे. त्याने फोनवरच निकाल दिला, "भाऊ करतो म्हणतोय तर करू दे. नाहीच झालं तर जा मग तू. आईसाठी दिवसभराची बाई बघू."

नाहीच झालं तर. हे तीन शब्द तिने आठ दिवस जिभेखाली धरले होते. कुणाला सांगणार? जुना लॅपटॉप जगू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बाई ऐकली तरी आहे का कुणी?

दुपारी बाराला भाऊजींना कामाचा फोन आला. कुठेतरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसं होती.

"पडद्यावरची ही पट्टी भरत आली की आपोआप बंद होऊन चालू होईल. तुम्ही हात लावू नका. शेवटची एक पायरी मी आल्यावर करतो. ती झाली की मग पेनड्राइव्हची गरज नाही," म्हणत ते पळाले.

पट्टी भरली. पडदा काळा झाला, मग उजळला आणि नवी कोरी सिस्टीम समोर आली. चांगली झगझगीत. तिने मागे वळून पाहिलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. मग तिने लॅपटॉप बंद केला, पेनड्राइव्ह उपसला आणि पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर एक गोल आला, त्याच्यावर तिरपी रेघ. बस्स.

तिने पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये औषधांच्या पाकिटांखाली सरकवला आणि मॅडमना फोन लावला.

"नाही चालत मॅडम. येते मी सोमवारी."

"या या. डबा खायला आम्हाला चौथी हवीच होती."

तिला आनंद झाला. लाजही वाटली, पण ती जरा मागाहून. तिने कपाटातून ऑफिसच्या वेळची पर्स काढली, झटकली. भांडी घासताना ती गुणगुणत होती, हे तिच्या स्वतःच्याही उशिरा ध्यानात आलं.

चार वाजता भाऊजी आले आणि पडदा बघून मटकन बसले.

"पेनड्राइव्ह कुठाय?"

"तिथेच असेल."

"नाहीये ना." त्यांनी टेबलाखाली पाहिलं, बसायची गादी उचलली. "केर काढलात?"

"काढला."

"म्हणजे गेला. आता दुसरा करायचा म्हणजे अख्खा दिवस. आणि उद्यापासून मी आठ दिवस बाहेरगावी." त्यांचा चेहरा एवढासा झाला. "जाऊ दे वहिनी. माझंच नशीब."

तिला त्यांची दया आली. पण तिने ड्रॉवरकडे पाहिलं नाही.

"औ... औषधां... खाली."

दोघंही वळले. सासूबाईंनी धड असलेला हात उचलला होता. बोट ड्रॉवरकडे.

भाऊजींनी ड्रॉवर उघडला. "हे बघा. आडवी पडून सगळ्या घराचा कारभार बघते ही. वहिनी, तुम्हीपण ना, जपून ठेवायला गेलात आणि विसरलात."

"हो," ती म्हणाली. "विसरले."

अर्ध्या तासात काम फत्ते झालं. इस्पितळाचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात उघडला. भाऊजींनी पेनड्राइव्ह खिशात टाकला, लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारली, "अजून पाच वर्षं बघायला नको," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

सासूबाईंची कूस बदलायची वेळ झाली होती. तिने एक हात मानेखाली, एक कमरेखाली घातला आणि रोजच्यासारखं हलकेच वळवलं. पाठीला उशी लावली. चादरीची सुरकुती काढली. तिला रडू येत होतं आणि हात आपलं काम करत होते.

"म्हणजे तेव्हा जाग्या होतात तुम्ही."

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"परकी बाई... नको गं. लाज वाटते." मग, "तू रागाव. पण जाऊ नको."

मोकळ्या हाताने तिने फोन घेतला.

"मॅडम, चाललं मशीन. हो. नाही, आता घरूनच."

फोन ठेवला तरी मनगट सुटलं नव्हतं. तिने पायानेच स्टूल जवळ ओढलं आणि बसली.